एकेक वस्तूचं वाण

पौष लागला की महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा राहत नाही. एरवी तरी कुठे असते म्हणा; पण या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही कडांना वाणाच्या वस्तूंचे ढीग बसतात. गाळण्या, डब्या, कंगवे, आरसे, करंडे, पिना. बायका घोळक्याने येतात, ढिगात हात घालतात, एखादी वस्तू उचलून उन्हात धरून बघतात आणि म्हणतात, "ह्याच्या दोन डझन द्या." संक्रांतीचं वाण डझनावारीच घ्यायचं असतं, सगळ्यांना एकसारखं. हिला डबी आणि तिला चमचा दिला तर हळदीकुंकवाच्या बैठकीत महाभारत व्हायला वेळ लागत नाही.

काल मीही त्या ढिगासमोर उभी होते. माझ्या हातात केसांची एक पिवळी क्लिप होती. "किती देऊ, ताई?" दुकानवालीनं विचारलं. मी म्हटलं, "एक." आठ वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच रस्त्यावर माझी थोरली बहीण दर मंगळवारी असंच "एक" म्हणत होती, हे मला त्या क्षणी आठवलं.

आधी माझं सांगून टाकते, म्हणजे उगाच लपवाछपवी नको. मला डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, गाठ लागली आहे. आंघोळ करताना हाताला आली. दवाखान्यात गेले, सोनोग्राफी झाली, परवा सुई घालून तुकडा काढला आणि वर बारीकशी पट्टी लावून दिली. रिपोर्ट शनिवारी येणार आहे. घरात नवरा आहे, लेक आहे, दोघांनाही मी यातलं काही सांगितलं नव्हतं. संक्रांत होऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं होतं. सणासुदीला कशाला घोर लावायचा? असं मी स्वतःला समजावत होते आणि समजावता समजावता काहीतरी विकत घेऊन येत होते. गेल्या तीन आठवड्यांत एक चहाची गाळणी, एक पितळी घंटी, झाकणाची एक डबी, आणि आता ही क्लिप. सगळं माझ्या शिलाई मशीनच्या खणात कोंबलेलं आहे. खण आता नीट बंद होत नाही.

ही खोड आम्हाला अव्वाने लावली. अव्वा म्हणजे आमची आई. माहेर निपाणीकडचं, म्हणून आम्ही तिला अव्वा म्हणायचो आणि थोरलीला अक्का. अव्वाला रडणं आवडायचं नाही. कुणी रडायला लागलं की ती तोंडावर पाणी मारायला लावायची, चपला घालायला सांगायची आणि महाद्वारला न्यायची. "जीव रमंना झाला की हाताला कायतरी नवं लागू द्यावं," असं तिचं म्हणणं. मी सातवीत गणितात गचकले तेव्हा रिबीन मिळाली. अक्काचं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तिला काचेच्या डोळ्यांची, मुंडी हलवणारी मांजर मिळाली. बाबा गेले त्याच्या चौदाव्या दिवशी अव्वा स्वतः एकटीच गेली आणि सेफ्टी पिनांचा एक जुडगा घेऊन आली. पांढरं कपाळ, हातात पिनांचा जुडगा, आणि म्हणते कशी, "घरात पिना नव्हत्या गं." घरात पिनांनी भरलेला डबा होता.

मोठं काही घेताना माणूस खुशीत असतं. फ्रीज आणताना, गाडी आणताना पेढे वाटतात, हार घालतात. बारीक वस्तू घेणाऱ्या बाईकडे जरा नीट बघावं, असं मला आता वाटतं. ती वस्तू फार वेळ हातात धरते. खाली ठेवते, परत उचलते. आपण समजतो, चोखंदळ आहे.

अक्का वारणानगरला दिली होती. दाजी कारखान्यात बॉयलरवर. दिवाळी झाली की हंगाम सुरू व्हायचा आणि मग त्यांच्या कॉलनीचं सगळं बदलून जायचं. रात्रंदिवस उसाच्या गाड्या, तीन पाळ्या, भोंगा, आणि सगळ्यावर पसरलेला तो गोडूस वास. लोकांना वाटतं साखरेचा वास म्हणजे काय मजा असेल. चार दिवस राहून बघा. त्या वासानं चहा नकोसा होतो. शिवाय चिमणीची काजळी. अक्का धुणं वाळत घालायची आणि दुपारी काढायला जाईपर्यंत पांढऱ्या चादरीवर काळे बारीक ठिपके पडलेले असायचे. हाताने झटकले की आणखी पसरायचे. "झटकू नको, तसंच ऱ्हाऊ दे," ती म्हणायची, "हात लावला की वाढतंय."

त्या वर्षी हंगाम सुरू झाला आणि अक्का दर मंगळवारी कोल्हापूरला यायला लागली. देवीच्या दर्शनाला, असं सांगायची. मंगळवार देवीचा वार, त्यात काय विचारायचं? दर्शन करायची, महाद्वारला काहीतरी घ्यायची आणि दुपारच्या उन्हाला माझ्याकडे यायची. मी मंगळवार पेठेत राहते, पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान. ब्लाऊज, फॉल, पिको. अक्का आली की कटिंगच्या टेबलावर पिशवीतली नवी वस्तू ठेवायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची.

"कसलं ग्वाड हाय बघ की!"

"हे काय गं? लिंबू पिळायचं? तुझ्याकडं हाय की एक."

"असू दे की. उगंच घेतलं."

पुढच्या मंगळवारी नेलकटर. त्याच्या पुढच्या मंगळवारी हातात मावणारा आरसा. शिवाय दर खेपेला केसांची एक क्लिप, वेगळ्या रंगाची. अक्काचे केस कमरेच्या खाली यायचे. पन्नाशीला आली तरी वेणी मनगटाएवढी होती. तिच्या केसांना क्लिपा शोभायच्याही. मी चिडवायची, "अक्का, दुकान काढनार हाईस काय? का म्हातारपणी नटायचं सुचलंय?"

"वाणाला हुतील की गं," ती म्हणाली.

आणि माझं समाधान झालं. हीच ती चूक. माझ्या जागी दुसरी कुणी असती तरी तिचंही झालं असतं. दिवाळी संपली, संक्रांत तोंडावर आली, बाई बारीकसारीक वस्तू गोळा करते आहे. वाणाला, आणखी कशाला? या मोसमात आमच्याकडे कुठल्याही बाईच्या पिशवीत डोकावलं तरी हेच निघेल. पण मी वीस वर्षं हळदीकुंकू करत आले होते. वाण एकेक करून गोळा होत नाही, एवढं मला कळायला हवं होतं. अक्काच्या पिशवीतली प्रत्येक वस्तू एकुलती एक होती.

डिसेंबरात तिने सहा ब्लाऊजपीस आणून टाकले. थोरल्या लेकीचं लग्न फाल्गुनात ठरलं होतं. मी टेप गळ्यात अडकवली आणि म्हटलं, "उभी ऱ्हा. माप घेतो." (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना घेतो, येतो, जातोच म्हणतो; लिहिताना तेवढ्या सरळ होतो.)

अक्का खुर्चीतून उठली नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. "कशाला? जुन्याच मापानं शिव."

"आगं, वाळलीयास की तू. जुनं माप ढिलं पडंल."

"पडू दे. पीन लावतो मी."

मला राग आला. खरंच सांगते, काळजी नाही वाटली, रागच आला. लग्नात शंभर बायका बघणार, विचारणार, कुणी शिवलं गं? माझ्या हाताला नावं ठेवणार. मी म्हटलं, "माझी अब्रू घालव तू." अक्का हसली. तिचा डावा हात पदराच्या आत होता आणि तो तिने सबंध दुपारभर बाहेर काढला नाही. चहाचा कप उजव्या हाताने उचलला, उजव्याच हाताने ठेवला. हे सगळं मी पाहिलं आहे. पाहिलं आणि परत मशीनवर जाऊन बसले. जुन्या वहीतून तिचं माप काढलं आणि त्या मापाने सहा ब्लाऊज शिवले.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी तिने हळदीकुंकू केलं आणि मी माझ्या शिवानीला घेऊन वारणानगरला गेले. शिवानी तेव्हा दहावीत होती. अंगणात सतरंजी घातलेली, कॉलनीतल्या आठ-दहा बायका काळ्या साड्या नेसून बसलेल्या, चिमणीतून धूर सरळ वर जात होता. वारा पडला होता. तिळगुळाच्या ताटावर अक्काने जाळीचं झाकण घातलं होतं, काजळी पडू नये म्हणून. हळदकुंकू झालं, ओट्या झाल्या, आणि अक्का आतून एक मोठं सूप घेऊन आली. सुपात तिच्या सगळ्या मंगळवारांच्या वस्तू होत्या. प्रत्येक बाईपुढे ती थांबायची, तिच्याकडे निरखून बघायची आणि सुपातून एकच काहीतरी काढून तिच्या ओंजळीत ठेवायची.

बायकांनी गलका केला. "वहिनी, हिला आरसा आन मला नेलकटर व्हय?" "माझी नखं वाढल्यात असं म्हणायचंय काय तुमाला?" हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. असलं वाण कुणी कधी लुटलं नव्हतं. अक्काही हसत होती. मी म्हटलं, "काय हा बाजार मांडलायस?" ती म्हणाली, "प्रत्येकीला माझी वायली आठवण नको व्हय?"

माझ्यापुढे आली तेव्हा सूप जवळजवळ रिकामं झालं होतं. तळाशी क्लिपा तेवढ्या राहिल्या होत्या, आठ-दहा. त्या सगळ्या तिने माझ्या पदरात आणि शिवानीच्या ओंजळीत ओतल्या. मग वेणीवर हात नेला, तिथली निळी क्लिप काढली आणि तीही दिली. "ही बी ने. मला आता नको."

"का? टक्कल करनार हाईस?" मी सगळ्यांदेखत म्हटलं.

"बघू की," अक्का म्हणाली.

आणि बायका पुन्हा हसल्या. मीही हसले. ते हसू अजून माझ्या कानात आहे आणि ते मला कुठेही नेऊन टाकता येत नाही.

लग्न थाटात झालं. अक्काचा ब्लाऊज डाव्या बाजूला ढिला पडला होता. तिने आतून पिना लावल्या होत्या, वरून पदर घट्ट घेतला होता. लेक सासरी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने दाजींना सांगितलं आणि दाजींनी मला फोन केला. डॉक्टरांनी दिवाळीनंतर लगेच ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. तिने डॉक्टरांना सांगितलं होतं, पोरीचं लग्न होऊ दे. चार महिने. चार महिन्यांत ते काखेतून पुढे गेलं होतं. सलाइनं झाली, केस गेले. दोन उशांना टेकून बसलेल्या अक्काच्या डोक्याला मी माझ्या हातांनी सुती टोपी शिवून दिली, तेव्हा मात्र माप घेतलं. पुढच्या हंगामाचा बॉयलर पेटायच्या आत ती गेली. दाजी त्या वर्षी बॉयलरपाशी उभे राहिले आणि म्हणे घामाचं निमित्त करून दिवसभर डोळे पुसत राहिले.

मंगळवारचं कोडं मला त्यानंतर उलगडलं. मी महाद्वारला पिको करायचा दोरा घ्यायला गेले होते. क्लिपांची दुकानवाली, हीच कालची, मला थांबवून म्हणाली, "ताई, तुमची थोरली भैन न्हाई दिसली कवापास्नं?"

मी सांगितलं. ती स्टुलावर खालीच बसली. मग म्हणाली, "दर मंगळवारी यायच्या की वो. हातात दवाखान्याची ती मोठी पिशवी आसायची, फोटोची. हितं माझ्या मागं बसून रडायच्या. मी पाणी द्यायचो. रडून झालं की तोंड धुवायच्या, एक वस्तू घ्यायच्या, आन ती पिशवी माझ्याकडं ठिवून जायच्या. म्हनायच्या, भैनीकडं चाललोय, हे बघितलं तर तिचा जीव जाईल. परत जाताना न्यायच्या."

म्हणजे आधी दवाखान्यात तपासणी, मग देवी, मग ही परकी बाई, आणि मग मी. रडणं या बाईच्या वाट्याला आलं आणि मला हसतमुखाने दाखवलेलं लिंबू पिळायचं यंत्र. मला त्या बाईचा हेवा वाटला. अजूनही वाटतो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस मी अक्कावर रागावलेली होते. मनातल्या मनात भांडायची. सख्खी बहीण मी, एका ताटात जेवलेलो आपण, आणि तू मला सांगितलं नाहीस? हे भांडण मी आठ वर्षं चालवलं. काल हातात ती पिवळी क्लिप घेऊन उभी राहिले तेव्हा ते एका फटक्यात संपलं. कारण आता मला कळलं, सांगता येत नाही. शब्द ओठापर्यंत येतो आणि समोरच्याचं तोंड बघून मागे फिरतो. शिवानी डबा भरत असते, हे पेपर वाचत असतात, दूध उतू जायला आलेलं असतं. त्या सगळ्यावर आपण एकदम काजळी कशी टाकायची? त्यापेक्षा एक गाळणी घ्यावी. गाळणी घेतली की तेवढ्यापुरतं वाटतं की पुढच्या महिन्यातही आपण चहा गाळणार आहोत.

कालही दुकानवालीने क्लिप कागदात गुंडाळली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "एकच?" पुन्हा विचारलं. "बसता काय जरा?" मी नको म्हटलं आणि झपाझप निघाले. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

घरी आले तर शिवानी माझ्याच कटिंगच्या टेबलापाशी उभी. ती आता औषधाच्या दुकानात कामाला असते, पण या वर्षी तिने सुट्टीच्या वेळात शिवण शिकायचं मनावर घेतलं आहे. टेबलावर काळं, बारीक चांदण्यांचं कापड पसरलेलं होतं आणि तिच्या गळ्यात माझी टेप.

"आलीस? बरं झालं," ती म्हणाली. "संक्रांतीला तुझा ब्लाऊज मी शिवणार. पयला ब्लाऊज तुझाच." मग तिने माझ्या हातातली पुडी बघितली. "आणि काय आणलंस आता? मशीनचा खण उघडंना झालाय, आई. काय चाललंय तुझं?"

"वाणाला गं," मी म्हटलं.

"एकेक?"

मी चपला काढल्या, त्या सरळ लावल्या, परत सरळ लावल्या. शिवानीने वही उघडली, पेन्सिल कानावर ठेवली. "बरं, हितं उभी ऱ्हा. माप घेतो."

"कशाला?" मी म्हणाले. "जुन्याच मापानं शिव."

माझा आवाज माझा नव्हता. त्या खोलीत, त्या खुर्चीजवळ, त्याच शब्दांत ते वाक्य मी एकदा ऐकलेलं होतं आणि ऐकून मशीनवर जाऊन बसले होते. माझा पदर माझ्या नकळत दोन्ही खांद्यांवर आला होता. बाहेर गल्लीत कुणीतरी हळदीकुंकवाचं आमंत्रण करत दारोदार फिरत होतं. दोन दारं सोडून ते आमच्याकडे येणार होतं, आणि मग हसायचं, नटायचं, यायचं कबूल करायचं, रथसप्तमीपर्यंत.

शिवानी मात्र मशीनवर जाऊन बसली नाही. गाल फुगवून तिथेच उभी राहिली. "जुनं माप कसं चालंल? वाळलीयास की तू. तूच म्हणतीस ना, शिवणारणीनं आधी हात लावून बघावं, मग कात्री लावावी?"

असं मी म्हणते खरी. अक्का गेल्यापासून गिऱ्हाइकांना तेवढ्यासाठी दोन-दोनदा उभी करते.

मी पदर खाली सोडला. हात वर केले. डावा हात वर जाताना ओढ लागली आणि मी डोळे मिटून घेतले. शिवानीची टेप पाठीवरून आली, उजव्या काखेखालून पुढे आली, डावीकडे सरकली आणि पट्टीच्या उंचवट्यावर अडकली. तिची बोटं थांबली. एकदा दाबून बघितलं, फार हलक्या हाताने.

"आई, हितं काय हाय?"

दारावर थाप पडली. "काकी, संक्रांतीच्या दिवशी पाचला हळदीकुंकवाला या हं!" शिवानी दाराकडे गेली नाही आणि मीही गेले नाही. तिचा हात तसाच माझ्या कुशीवर होता.

"दार लावून घे," मी म्हटलं. "आणि बस. सांगते."